समोरच्या झाडावरची माकडमुंडी

धुकं वर सरकतं तेव्हा आधी दिसतात ती खोडं. काळपट, खडबडीत, एकामागे एक उभी असलेली ओकची खोडं. मग पायाखालची ओली पानं दिसतात, नेच्यांचे झुबके दिसतात, आणि मग अगदी मधोमध, एका जुन्या ओकला पाठ लावून उभा असलेला एक बुटका म्हातारा. डोक्यावर वनखात्याची विटकी टोपी, पायांत रबरी बूट, डोळे मिटलेले. समोर अर्धवर्तुळ करून वीसएक माणसं. शहरातून बसने आलेली, रंगीत जाकिटांतली, श्वास धरून उभी.

छांगबाय डोंगराच्या पायथ्याशी, ऑगस्ट संपता संपता, हा खेळ दरवर्षी व्हायचा.

म्हाताऱ्याच्या डोक्याच्या बरंच वर, जिथे जुनी फांदी मोडून खोडाला जखम झाली होती, तिथे एक पांढरीशुभ्र माकडमुंडी लटकत असायची. नारळाएवढी अळंबी, अंगभर मऊ काटे, जणू ओल्या केसांचं पिल्लू झाडाला चिकटून झोपलंय.

"नीट बघा," फू वानशान डोळे न उघडता म्हणायचा. "काटे सगळे खाली लोंबतायत ना? एकही वर नाही, एकही आडवा नाही. आत फांद्या फुटल्यात? नाही. गोळा एकच. रंग पांढरा. म्हणजे हीच. पिवळी पडली असती तर म्हातारी, माझ्यासारखी. फांद्या फुटलेली असती तर हिची चुलत बहीण. खायला तीही चांगली, पण मान हिचा. आणि जमिनीवर सापडली असं सांगून कुणी विकायला आणली तर त्याला हाकलून द्या. ही मातीला पाय लावत नाही. हिला ओक लागतो, नाहीतर अक्रोड. तोही जखमी, आतून कुजायला लागलेला. धडधाकट झाडाकडे ही ढुंकून बघत नाही."

बायका हसायच्या. तो हसू ओसरू द्यायचा आणि मग आवाज एकदम खाली आणायचा.

"आणि ही एकटी राहत नाही."

टाच खोडाला टेकवून, नाक सरळ समोर धरून, मिटल्या डोळ्यांनीच तो चालू लागायचा. हात पुढे, नेचे बाजूला सारत, एकेक पाऊल. कुणी खोकलं तरी इतर जण त्याच्याकडे रागाने बघायचे. तीस-चाळीस पावलांवर तो थांबायचा, तळहात समोरच्या झाडावर ठेवायचा.

"वर बघा."

वर दुसरी असायची. पहिलीकडे तोंड करून.

मग ज्या टाळ्या पडायच्या, त्या नाटकघरातसुद्धा रोज पडत नाहीत. वानशान टोपी काढून कपाळ पुसायचा आणि त्या टाळ्या पूर्ण संपेपर्यंत पुढचं वाक्य बोलायचा नाही. ही जाण त्याला कुणी शिकवली नव्हती.

माकडमुंडी जोडीने येते, एक दुसरीकडे बघत असते, हे त्या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल. एक सापडली की झाडाला पाठ लाव आणि सरळ चाल. यावर कुणी शंका घेत नाही. शंका फक्त एका माणसाला होती, आणि तो हा खेळ करणाराच.

वानशानने उभं आयुष्य झाडं बघण्यात घालवलं होतं. लाकूडतोड चालू होती तेव्हा त्याचं काम हातोडीचं. तोडणाऱ्यांच्या पुढे जायचं, झाड निरखायचं, आणि जे पाडायचं ठरेल त्याच्या बुंध्यावर हातोडीने शिक्का मारायचा. हजारो झाडं त्याने चारी बाजूंनी पाहिली. त्याला पक्कं ठाऊक होतं की माकडमुंडी कधी कधी जोडीने येते, पण बहुतेकदा येत नाही. जखमी झाडाशेजारी दुसरं जखमी झाड असलं तर येते, इतकंच.

पण तेवीस वर्षांचा असताना तोडीच्या छावणीत मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला होता, "फू, तुझ्या हातात शिक्का आहे, डोळ्यांत काही आहे का? एक घेऊन आलास, दुसरी कुठाय?" सगळी छावणी हसली. वानशान म्हणाला, "उद्या दाखवतो." दुसऱ्या दिवशी त्याने दाखवली. भल्या पहाटे एकटा जाऊन, दुसऱ्या दरीतली एक माकडमुंडी कापून आणून, बुडात अंगठ्याएवढी ओकची खुंटी घालून त्याने ती समोरच्या झाडाच्या भेगेत ठोकली होती. कडेने शेवाळ दाबलं होतं. मुकादमाने स्वतःच्या वाट्याची दारू त्याच्यासमोर ठेवली. त्या दिवसापासून लोक त्याला 'डोळस फू' म्हणू लागले, आणि डोळस फूला दरवर्षी एक दिवस आधी एकट्याने जंगलात जावं लागलं. समोरची माकडमुंडी नेहमी पहिलीपेक्षा थोडी खाली असायची. शिडी तेवढीच पुरायची. ते कधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याचा सगळ्यात मोठा प्रेक्षक म्हणजे थान शिंगफा. लाकडाचा ट्रक चालवणारा धिप्पाड, मोठ्या आवाजाचा गडी. डोंगरात जायचं ते या दोघांनी मिळून, आणि जोडी सापडली की एक याची, एक त्याची, हा रिवाज. वानशानची बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी गेली; त्याने पुन्हा संसार मांडला नाही. त्यामुळे दोन्ही माकडमुंड्या अखेर शिंगफाच्याच घरी शिजायच्या.

दुसरी दिसली की शिंगफा आरोळी ठोकायचा, "आली रे आली! नवरीमागून वरात आली!" तीस वर्षं तीच आरोळी, तेवढ्याच आनंदाने. खरं सांगायचं तर मुकादमाची छावणी उठून गेल्यावर वानशानने हे सोडूनही दिलं असतं. तो खुंट्या तासत राहिला तो या आरोळीसाठी.

घरी शिंगफाची बायको सूछिन वाट बघत असायची. माकडमुंडी शिजवणं चेष्टा नाही. कोमट पाण्यात भिजवायची, दोन्ही तळव्यांत धरून पिळायची, पिवळं कडू पाणी निघतं ते फेकायचं. पुन्हा भिजवायची, पुन्हा पिळायची. तीनदा. कंटाळा केला की अख्खं पातेलं कडू. मग गावठी कोंबडीबरोबर मंद आचेवर.

"या दोघांना ती शोधायला एक दिवस लागतो," ती म्हणायची, "आणि मला पिळायला दोन. टाळ्या मात्र यांना."

"वहिनी, टाळ्या वाजवतो की," वानशान म्हणायचा.

"तुम्ही आधी बूट काढा, भाऊजी. चिखल झाला सगळा."

खालून चूल पेटवून तापवायचा तो विटांचा ओटा, खांग म्हणतात त्याला. त्यावरची चुलीलगतची सगळ्यात ऊबदार जागा घरात वानशानची. पाहुण्याची ती जागा, पण तीस वर्षं रोज येणाऱ्याला पाहुणा कोण म्हणणार? त्याच्या बुडाच्या आकाराचा खळगा पडला होता चटईला.

तोड बंद झाली, शिक्क्याची हातोडी खिळ्याला लागली, बसगाड्या यायला लागल्या, आणि डोळस फूला नवे प्रेक्षक मिळाले. सहा-सात वर्षं चांगली गेली. मग तो कोरडा उन्हाळा आला.

जूनपासून पाऊस नाही. ओढ्यांतले दगड उघडे पडले. ओकच्या जखमा सुकून भुसा झाल्या. आणि त्याच उन्हाळ्यात सूछिनच्या पोटात काही ठरेना. लापशी दिली तरी उलटी. ऑगस्टमध्ये तिचे गाल बसले. पोटाला माकडमुंडी चांगली, हे तिथे सगळेच जाणतात. वस्तीतल्या जुन्या वैद्याने नाडी बघितली आणि सांगितलं, "रानातली हवी. आणि जोडी हवी. दोन्ही एका पातेल्यात शिजल्या पाहिजेत."

शिंगफा तसाच उठून वानशानकडे आला. "ऐकलंस ना? जोडी. तुला काय, डाव्या हातचा मळ."

वानशान चार दिवस हिंडला. तिसऱ्या घळीच्या टोकाला, जिथे कडेच्या झिऱ्यामुळे थोडी ओल टिकली होती, तिथल्या एका ओकवर त्याला एक मिळाली. मुठीएवढी, पण पांढरी, ताजी. तो आणखी दोन दिवस हिंडला. पुढल्या दरीत, पलीकडच्या उतारावर, त्याला ठाऊक असलेल्या प्रत्येक जखमी झाडापाशी. समोर ठोकायला अख्ख्या डोंगरात दुसरी नव्हती. बाजारात पिशवीत वाढवलेल्या मिळत होत्या. त्याने एक आणलीही, खिशातली खुंटी तिच्या बुडाला लावून बघितली आणि परत ठेवली. आजवर त्याने गंमत ठोकली होती. औषध ठोकायला त्याचा हात धजेना.

सातव्या दिवशी त्याने शिंगफाला त्या ओकपाशी नेलं. शिंगफाने पहिली पाहिली, टोपी भिरकावली आणि स्वतःच झाडाला पाठ लावली. डोळे मिटले. एवढा मोठा माणूस पोरासारखा हात पुढे करून चालत निघाला. समोरच्या अक्रोडाला त्याचे हात लागले.

"वर बघतो हां," तो म्हणाला. वर काहीच नव्हतं.

तो पुन्हा मागे आला, पुन्हा पाठ लावली, पुन्हा चालला. तिसऱ्या वेळी वानशानने त्याचा दंड धरला.

"शिंगफा, थांब. दुसरी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"जोडी नसतेच दर वेळी. मी ठोकायचो." त्याने खिशातून खुंटी काढून तळहातावर ठेवली. "ही बघ. आदल्या दिवशी येऊन समोरच्या झाडावर ठोकायचो. तीस वर्षं."

शिंगफाने खुंटीकडे बघितलं, वानशानकडे बघितलं आणि तो हसला. ते हसू चांगलं नव्हतं.

"तीस वर्षं मी आंधळा होतो?"

"मी फसवलं तुला."

"तीस वर्षं फसवलंस, की आज फसवतोयस?" शिंगफाचा आवाज चढला. "काल-परवा एकटा इकडे आला होतास. वस्तीत सांगतात लोक. तू नेहमीच आदल्या दिवशी गोणी घेऊन एकटा जातोस. मी म्हणायचो, जाऊ दे, झाडं बघत असेल. काय नेतोस रे गोणीतून?"

"तेच तर सांगतोय."

"बसमधली ती शहरातली बाई जोडी मागत होती ना? तिला दिलीस?"

"शिंगफा, वहिनीसाठी मी..."

"वहिनी म्हणू नकोस तिला!"

त्याने ती एक माकडमुंडी काढली, छातीशी धरली आणि उतार उतरून गेला. वानशान खुंटी हातात घेऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो खेळाची खरी गोष्ट बोलला होता, आणि पहिल्यांदाच त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. खेळ फार चांगला बसवला होता.

दुसऱ्या दिवसापासून शिंगफा रोज पहाटे जंगलात जाऊ लागला. त्या ओकभोवती आधी शंभर पावलं, मग पाचशे. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं की म्हणायचा, "दुसरी मिळू दे, मग बघू. जवळच आहे ती. पहिलीसमोरून कुठं जाते?"

तो नसताना वानशान एका दुपारी त्याच्या घरी गेला. सूछिन खांगवर, चुलीलगतच्या टोकाला पडली होती. मान वळवून तिने पाहिलं.

"तुमची जागा घेतलीय मी, भाऊजी. बसा तिकडे. आज बूट राहू द्या."

तो बसला. तीच म्हणाली, "खुंटी दाखवलीत म्हणे त्यांना."

"विश्वास बसला नाही त्याचा."

"कसा बसेल? मला मात्र ठाऊक होतं." ती थांबत थांबत बोलत होती. "जोडीतल्या एकीच्या बुडात दरवर्षी भोक असायचं. आधी वाटलं, कीड असेल. मग एकदा पिळताना खुंटीच हाताला लागली. तुम्ही काढायला विसरला होतात. हे छप्पर नवीन घातलं ना, त्या वर्षी."

"म्हणजे वीस वर्षं झाली," वानशान म्हणाला. "बोलला नाहीत कधी."

"काय बोलायचं? दोन म्हातारे पोरांसारखे ओरडत दारातून यायचे. मला तेवढंच बघायला मिळायचं इथं."

"मग आता सांगा त्याला. माझं ऐकत नाही तो. तुमचं ऐकेल. उद्या तालुक्याला नेऊ तुम्हाला."

सूछिनने डोळे मिटले. 

"नाही सांगणार. आणि तुम्हीही पुन्हा बोलू नका. पहाटे जाताना म्हणतात, आज आणतोच. सांजेला येतात ते दमून, पडल्या पडल्या झोपतात. आणायला काही नाहीच हे कळलं तर इथे बसतील ते. दिवसभर. माझ्याकडे बघत." तिने मान हलवली. "मला ते नको. माझी आई गेली होती तालुक्याला. परत आली ती राख होऊन, डब्यातून. हिंडू दे त्यांना."

"वहिनी, उद्या सगळं माझ्यावर येईल."

"येईल," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे."

तिने माफी मागितली नाही. वानशानने शब्द दिला आणि बाहेर येऊन दारातल्या दगडावर कितीतरी वेळ बसून राहिला.

अकरा दिवस शिंगफा हिंडला. बाराव्या दिवशी सूछिनला रक्ताची उलटी झाली आणि शेजाऱ्यांनी गाडी काढली. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, उशीर केलात. पहिलं बर्फ पडायच्या आत ती गेली.

मयताच्या दिवशी अंगणाच्या फाटकात शिंगफा येणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला शोकाची काळी पट्टी बांधत होता. वानशानची पाळी आली. त्याने दंड पुढे केला. शिंगफाने त्याच्या मागच्या माणसाला बोलावलं.

"शिंगफा," वानशान म्हणाला.

"दुसरी घेऊन ये," शिंगफा म्हणाला. "मग बांधतो."

फाटकाबाहेर उभं राहूनच वानशानने सूछिनला परलोकी पोचावेत म्हणून पेटवलेले कागदी पैसे जळताना पाहिले.

त्यानंतर नऊ वर्षं. पहिल्याच वर्षी बसवाल्यांनी त्याला बोलवायचं बंद केलं. त्यानेही विचारलं नाही. पुढे कुणा पोराने तो खेळ उचलला. बाजारातली पिशवीतली माकडमुंडी तारेने बांधून तो दाखवायचा आणि टाळ्या पडायच्या आत पुढचं बोलायचा. वस्तीतली माणसं वानशानकडे यायची ती फक्त टोपल्या घेऊन. ही खाऊ का, ही विषारी का? तो उलटसुलट बघायचा, देठ मोडून वास घ्यायचा, वाईट ती कुंपणापलीकडे भिरकावायचा, चांगली ती टोपलीत ठेवायचा. लोक टोपली उचलून निघून जायचे. विष ओळखायला त्याच्यावर विश्वास होता. बसून चहा प्यायला नव्हता.

दर ऑगस्टअखेर तो तिसऱ्या घळीत जायचा. ओकला पाठ लावायची, सरळ चालायचं, अक्रोडावर हात ठेवून वर बघायचं. चांगल्या पावसाच्या वर्षीही तिथे काही उगवलं नाही. अक्रोड धडधाकट होता. आपल्याला जे ठाऊक आहे तेच बघायला माणूस इतक्यांदा कशाला जातो, हे त्याचं त्यालाच विचारायला हवं होतं.

दहाव्या वर्षी त्याच्या छातीत घरघर सुरू झाली आणि घळ चढणं संपलं. थंडीच्या सुरुवातीला, एका स्वच्छ दुपारी, दार वाजलं. झाकण लावलेलं पातेलं घेऊन शिंगफा दारात उभा होता. त्याचे खांदे उतरले होते, आवाजही.

"मरायला टेकलायस म्हणे."

"लोक म्हणतात तर असेल. बस."

"बसायला नाही आलो." तो बसला. पातेलं मध्ये ठेवलं. "पिशवीतल्या आहेत. मीच शिजवल्यात. नीट पिळल्यात की नाही देव जाणे, तिच्यासारखं जमत नाही."

वानशानने एक घोट घेतला. कडू होतं. त्याने दुसराही घेतला.

"चांगलं झालंय."

"खोटं बोलू नकोस."

शिंगफा आपल्या हातांकडे बघत होता. 

"मला भांडायचं नाही, वानशान. भांडून झालं. एकदा फक्त खरं सांग. रागावणार नाही. ती होती ना?"

वानशानच्या उशाशी खोक्यात अजून सात-आठ खुंट्या होत्या. हात लांबवला असता तर मिळाल्या असत्या.

"डॉक्टर म्हणाला, उशीर केलात," शिंगफा म्हणाला. "मी रोज विचार करतो. दुसरी होती आणि मला मिळाली नाही, तर निदान मी शोधत तरी होतो. पण ती नव्हतीच, तर ते अकरा दिवस मी..." तो पुढे सरकला. "होती ना रे? मी उगाच नाही ना हिंडलो?"

खिडकीतून ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं. श्वास धरून तो बघत होता, पूर्वी ओकखाली अर्धवर्तुळात माणसं उभी राहायची तसा. वानशानने पाठ भिंतीला टेकवली. डोळे मिटले. सूछिनला दिलेला शब्द तसाच होता. त्या शब्दावर आणखी थोडी भर टाकायची होती, एवढंच.

"होती," तो म्हणाला. "समोरच्या अक्रोडावर. नेहमीसारखी, थोडी खाली."

शिंगफाचा रोखलेला श्वास इतक्या जोरात सुटला की पातेल्यावरची वाफ हलली.

"मला ठाऊक होतं," तो पुटपुटला. "नऊ वर्षं मला ठाऊक होतं." त्याने बाहीने तोंड पुसलं. मग त्याचा जुना आवाज थोडासा परत आला, रागाचा, जिवंत. "काय केलंस तिचं, हरामखोरा? त्या बाईला विकलीस?"

वानशानने डोळे उघडले नाहीत.

"नाही रे. खाल्ली. तिथंच झाडाखाली बसून, कच्ची. पिळायचंही सुचलं नाही. फार कडू होती."